तुरीवरील वैज्ञानिक संशोधन

तूर (शास्त्रीय नाव: कॅजेनस कॅजन) हे शिंबावंत कुळातील कडधान्य पीक असून त्याच्यावरील संशोधन मुख्यत्वे भारतात झाले आहे. तुरीचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक आणि सर्वांत मोठा ग्राहक भारतच असून देशाची गरज भागवण्यासाठी म्यानमार, मोझांबिक, टांझानिया इत्यादी देशांतून तूर आयात करावी लागते. दाण्यात सुमारे २० ते २२ टक्के प्रथिने असतात. तथापि गहू आणि भात यांची उत्पादकता वाढत गेली त्या काळात तुरीची उत्पादकता अनेक दशके हेक्टरी सात ते आठ क्विंटलांच्या आसपासच रेंगाळली. २०१५ मध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव किलोला २०० रुपयांपर्यंत गेला, तेव्हा हा प्रश्न शेतापुरता न राहता थेट स्वयंपाकघरात पोहोचला. तुरीवरील बहुतेक संशोधन या खुंटलेल्या उत्पादकतेची कारणे शोधण्याभोवती फिरते.

नाव व उगम

इंग्रजीत तुरीला ‘कबुतरांचा वाटाणा’ अशा अर्थाचे नाव आहे. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर तिचे दाणे कबुतरांना चारत असत, त्यावरून ते सतराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. तुरीच्या संशोधनाशी कबुतरांचा याखेरीज काही संबंध नाही.

तुरीचे मूळस्थान आफ्रिका की भारत, याविषयी पूर्वी मतभेद होते. लागवडीतील तुरीला सर्वांत जवळची वन्य जाती कॅजेनस कॅजनिफोलियस ही ओडिशा व बस्तरच्या परिसरात आढळते, तसेच वाणांची सर्वाधिक विविधता भारतातच दिसते. डच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हॅन डर मेसेन यांनी या आधारावर भारताच्या बाजूने केलेली मांडणी आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथील उत्खननात सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचे तुरीचे अवशेष मिळाले आहेत. २०१७ मध्ये तुरीच्या २९२ नमुन्यांच्या जनुकीय आराखड्यांची तुलना प्रसिद्ध झाली. तिचे निष्कर्षही मध्य भारताकडेच निर्देश करतात.

मुळे आणि स्फुरद

तुरीवरील सर्वांत उद्बोधक प्रयोगांपैकी एक तिच्या मुळांविषयी आहे. लाल मातीत स्फुरद असले तरी ते बहुतांशी लोहाशी बांधलेले असते आणि बहुतेक पिकांना ते घेता येत नाही. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ पासून कार्यरत असलेल्या आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क उष्णकटिबंधीय पीक संशोधन संस्थेत (इक्रिसॅट) नोरिहारू आए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फुरद न घातलेल्या अशा मातीत विविध पिके लावून पाहिली. ज्वारी, मका, सोयाबीन यांची वाढ खुंटली, तूर मात्र वाढत राहिली. तिच्या मुळांतून पिसिडिक आम्ल स्रवते, ते लोहाला धरून ठेवते आणि लोहाने अडवलेले स्फुरद मोकळे होते, असे त्यांनी १९९० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले.

काळ्या मातीत स्फुरद मुख्यतः कॅल्शियमशी बांधलेले असते. तेथे तुरीला हा लाभ मिळाला नाही, उलट ज्वारी सरस ठरली. ज्वारी-तुरीचे आंतरपीक कोरडवाहू शेतकरी फार पूर्वीपासून घेत आले आहेत. दोन पिकांपैकी एक उथळ मुळांचे व लवकर निघणारे, तर दुसरे खोल सोटमुळाचे व उशिरा येणारे, एवढेच त्याचे स्पष्टीकरण दिले जाई. दोन्ही पिके मातीतील स्फुरदाचे वेगवेगळे साठे वापरू शकतात, ही नवी बाब या प्रयोगामुळे पुढे आली. नंतरच्या अभ्यासांत सायट्रिक व मॅलोनिक आम्लांचा वाटाही लक्षणीय असल्याचे दिसले. त्यामुळे सर्व श्रेय एकट्या पिसिडिक आम्लाला देता येत नाही.

मर आणि वांझ रोग

मर रोगाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभी बिहारमधील पुसा येथे ई. जे. बटलर यांनी केला. रोगकारक बुरशीचे फ्युझेरियम उडम हे नाव त्यांनीच १९१० मध्ये दिले. ही बुरशी जमिनीत, मागे राहिलेल्या धसकटांवर काही वर्षे तग धरते. ती मुळांतून शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते आणि फुलोऱ्यात आलेले झाड उभ्या उभ्या वाळते. अशा झाडाचे खोड चिरल्यास आत काळपट रेषा दिसतात. जमिनीतील बुरशीवर औषध पुरत नसल्याने रोगप्रतिकारक वाण शोधणे हाच व्यवहार्य मार्ग ठरला. त्यासाठी मुद्दाम रोगग्रस्त ठेवलेल्या शेतात हजारो वाण पेरून त्यांतील टिकणारे निवडले जातात. १९८६ मध्ये कर्नाटकात प्रसारित झालेला ‘मारुती’ (आयसीपी ८८६३) हा वाण अशाच निवडीतून पुढे आला.

वांझ रोगाची कथा याहून लांबलेली आहे. या रोगात झाड मरत नाही. पाने लहान व फिकट ठिपक्यांची होतात, झाड हिरवेगार व झुडपासारखे दिसते, पण त्याला फुले येत नाहीत. म्हणूनच त्याला ‘हिरवा प्लेग’ असेही म्हटले गेले. १९३१ मध्ये पुसा येथून त्याची पहिली नोंद झाली. डोळ्यांना न दिसणारा ॲसेरिया कॅजनी हा कोळी तो पसरवतो, हे कळल्यानंतरही रोगकारक घटक हाती लागत नव्हता. विषाणूचा संशय होता, परंतु तो वेगळा काढणे जमत नव्हते. जवळपास सात दशकांनी इक्रिसॅट आणि स्कॉटलंडमधील संशोधकांच्या संयुक्त प्रयत्नांतून हा विषाणू ओळखला गेला. आता त्याचे दोन प्रकार ज्ञात असून त्यांचा समावेश इमाराव्हायरस या गटात होतो.

विशेष म्हणजे रोगकारक सापडण्याची वाट न पाहता प्रतिकारक वाण तयार झाले होते. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे वाण मराठवाड्यात व विदर्भात परिचित आहेत. त्यांच्या नावातील आद्याक्षरेच बदनापूर आणि वांझ रोगास प्रतिकार यांची निदर्शक आहेत.

संकर वाण

तुरीचे फूल स्वतःच्या परागकणांनी फळू शकते, तरीही मधमाश्यांमुळे तिच्यात बऱ्याच प्रमाणात परपरागीभवन होते. वाण शुद्ध राखण्याच्या दृष्टीने ही डोकेदुखी असली तरी संकर वाण तयार करण्यासाठी हीच संधी ठरली. त्यासाठी परागकण न देणारी, म्हणजे नरवंध्य, मादी झाडे आवश्यक असतात. १९७० च्या दशकात इक्रिसॅटमध्ये अशी झाडे सापडली आणि त्यांच्यापासून १९९१ मध्ये आयसीपीएच ८ हा कडधान्यांतील जगातला पहिला संकर वाण प्रसारित झाला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेही या पद्धतीने संकर वाण काढले. मात्र हे नरवंध्यत्व केंद्रकातील जनुकामुळे येत असल्याने मादीच्या ओळीतील निम्मी झाडे सुपीक निघत. फुले उमलण्यापूर्वी एकेक झाड तपासून ती उपटावी लागत. प्रयोगक्षेत्रावर हे शक्य होते, परंतु बीजोत्पादकाला ही मजुरी परवडली नाही आणि चांगले उत्पादन देऊनही हे वाण फारसे पसरले नाहीत.

अडचण सुटली ती वन्य तुरीमुळे. कॅजेनस कॅजनिफोलियसच्या पेशीद्रव्यात लागवडीच्या तुरीचे केंद्रक आणल्यास सर्व झाडे नरवंध्य निघतात, असे के. बी. सक्सेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. याच पद्धतीचा आयसीपीएच २६७१ हा वाण २०१० मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाला. शेतकऱ्यांच्या शेतांवरील चाचण्यांत त्याने ‘मारुती’पेक्षा सुमारे ४७ टक्के अधिक उत्पादन दिल्याची नोंद आहे. तरीही बीजोत्पादनासाठी अन्य तुरीपासून अलग क्षेत्र आणि पुरेशा मधमाश्या लागतात, त्यामुळे बियाण्याचा पुरवठा हाच या वाणांच्या प्रसारातील अडथळा राहिला आहे.

जनुकसंच

तुरीच्या जनुकसंचाचा मसुदा २०११ च्या अखेरीस दोन स्वतंत्र गटांनी मांडला. एक गट भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांचा, नागेंद्र कुमार सिंग यांच्या नेतृत्वाखालील होता, तर दुसरा इक्रिसॅटमधील राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गट होता. दोघांनीही मर व वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक असलेला ‘आशा’ हाच वाण निवडला. वार्ष्णेय यांच्या गटाने सुमारे ८३३ दशलक्ष आधारक जोड्यांच्या जनुकसंचापैकी ६०६ दशलक्षांची जुळणी केली आणि ४८,६८० जनुकांचा अंदाज वर्तवला.

या माहितीमुळे रोगप्रतिकार किंवा नरवंध्यत्व यांसारखे गुण रोपावस्थेतच तपासणे सुलभ होत आहे. शेंगा पोखरणाऱ्या अळीबाबत मात्र प्रगती मंद आहे. लागवडीच्या वाणांत तिला खात्रीशीर प्रतिकार आढळलेला नाही. त्यामुळे शेंगांवर दाट लव असलेल्या कॅजेनस स्कॅराबॉइडिस या वन्य जातीकडून हा गुण आणण्याचे प्रयत्न सुरू आहेत. इक्रिसॅटच्या जनुकपेढीत तुरीचे १३,००० हून अधिक नमुने जतन केलेले असून त्यांत वन्य जातींचाही समावेश आहे.