गुळाच्या गाडीतून लेथ

राजकोटच्या एका शेडमध्ये लेथच्या किमतीवर दोन तास घासाघीस झाली. भाड्याचा विषय निघाला तो चहाचे कप उचलल्यावर. दहा फुटी बेडचं जुनं यंत्र, सगळं धरून तीन टनांच्या आतबाहेर. आणि कोल्हापूरजवळची आमची शिरोली तिथून हजार-अकराशे किलोमीटर. स्वतंत्र गाडीचा आकडा चाळीस हजारांच्या वर गेला, तेव्हा घासून कमी केलेली किंमत परत गेल्यासारखी वाटली.

"घाई छे?" शेडवाल्या भाईंनी विचारलं. नव्हती. भाडं उतरलं ते तिथेच.

हंगामात कोल्हापूरचा गूळ गुजरातला जातो. गूळ उतरवून मोकळी झालेली गाडी रिकामी आणणं मालकाला परवडत नाही. डिझेल आणि टोल काही चुकत नाहीत. म्हणून परतीच्या मालाला दर नरम असतो. त्यातही आमचा पार्ट लोड. लोखंड वजन खातं पण जागा सोडतं. तेव्हा वर भरायला हलका, फुगीर माल मिळाला की गाडी वजनानेही भरते आणि जागेनेही. ही जोडी जमवण्यात ट्रान्सपोर्टवाल्याची निम्मी अक्कल खर्च होते. आमच्या लेथला जोडीदार मिळाला नवव्या दिवशी: प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्या. तोवर यंत्र भाईंच्याच शेडमध्ये राहू दिलं. ई-वे बिलात गाडीचा नंबर पडला की मुदत धावू लागते, 200 किलोमीटरला एक दिवस. एवढ्या पल्ल्याला सहा दिवस मिळतात, ते गोदामात बसून घालवायचे नसतात.

माझी अट एकच होती: वाटेत गाडी बदलायची नाही. त्यापायी दर थोडा चढला, चौदा हजारांवर ठरला. पण प्रत्येक ठिकाणी माल उतरवा-चढवायचा म्हणजे प्रत्येक ठिकाणी नवा माणूस साखळी कुठे अडकवायची ते ठरवणार. बीड वाकत नाही, तुटतं. पूर्वी एक ड्रिल मशीन मागवलं होतं, त्याचा हँडल काढून ठेवायला सांगायचं मी विसरलो आणि मशीन आलं ते हँडलाचं थोटूक घेऊन. बिल्टीवर 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का होता. तो मी वाचला मशीन उतरवून घेतल्यावर.

या वेळी चढवताना स्वतः उभा राहिलो. मोटर, टूलपोस्ट, बाहेर डोकावणारी सगळी चाकं आणि दांडे काढून वेगळ्या खोक्यात भरले. बेडच्या स्लाइडवर ग्रीस थापलं. लेथचं वजन हेडस्टॉककडे एकवटलेलं असतं, त्यामुळे मधोमध पट्टा घातला की यंत्र नाकावर येतं. भाईंच्या कारागिराने पट्टे घालून साखळी जेमतेम ताणली, यंत्र बोटभर उचललं, पाहिलं, खाली टेकवलं. मग सॅडल आणि टेलस्टॉक दोन्ही हेडस्टॉकच्या विरुद्ध टोकाकडे सरकवले. पुन्हा बोटभर. अजून थोडं. तिसऱ्या खेपेला तीन टन लोखंड तराजूच्या दांडीसारखं आडवं उभं राहिलं. मगच त्याने सॅडल जागच्या जागी आवळलं. हे करायला त्याला दहा मिनिटंही लागली नसतील आणि सबंध वेळात तो एक शब्दही बोलला नाही.

गाडीत हेडस्टॉक केबिनकडे. खाली रबराची पट्टी, पायांना चारही बाजूंनी लाकडी गुटके ठोकलेले, वरून साखळ्या आवळलेल्या. चालक आमच्याच बाजूचा. म्हणाला, "मालक, लोखंड हलाय लागलं की ते ब्रेकचं ऐकत न्हाई." खुर्च्या त्याने पाठीमागे आणि वर रचल्या.

रस्त्याचं सांगण्यासारखं फारसं नाही. वडोदरा, सुरत, तलासरी, पनवेल. खंडाळ्याच्या आधी त्याने साखळ्या पुन्हा आवळल्या, खंबाटकीच्या आधी परत. चौथ्या दिवशी सकाळी गाडी शिरोलीत.

खरं अंतर इथून पुढचं. दारापासून यंत्राच्या जागेपर्यंत साठ फूट. हायड्रा क्रेनने लेथ अलगद उतरवला, पण शेडचं दार बुटकं. हायड्राचा दांडा आत शिरेना. हायड्रा तासावर असला तरी किमान तासांचे पैसे द्यावेच लागतात, मग काम वीस मिनिटांचं का असेना. पुढचं काम मुकादम आणि त्याच्या पाच गड्यांचं. पहारीने एक टोक उचलायचं, खाली पाईपचे तुकडे सारायचे, ढकलायचं. मागून सुटलेला पाईप धावत पुढे आणून घालायचा. वळवायचं असेल तर पुढचा पाईप तिरका टाकायचा. यंत्र आपोआप तिकडे वळतं. फरशीच्या एका सांध्यात पाईप अडला तेव्हा ओरडा झाला, "बास, बास! पाय काढ रे आधी!" साठ फुटांना दीड तास लागला.

हायड्रा आणि टोळी मिळून सात हजार. म्हणजे अकराशे किलोमीटरच्या भाड्याच्या निम्मे, शेवटच्या साठ फुटांना. राजकोटला चढवणं भाईंनी किमतीत धरलं होतं, नाहीतर तिकडेही असाच आकडा पडला असता. आता कुणी भाड्याचं विचारलं की मी आधी विचारतो, तुमचं दार किती उंच?

संध्याकाळी मुकादम पाईप मोजत होता. आणलेले आठ, हातात सात. आठवा टेलस्टॉकच्या बाजूच्या पायाखाली होता. "राहू दे मालक," तो म्हणाला, "लेव्हल करायला उचलशीला, तवा नेतो."