फळी धरायला हवेचाच हात
गावच्या सुताराला घरच्या घरी करता येण्याजोगे व्हॅक्यूम टेबल

विहिरीवर मोटर बसवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाणी मोटरीच्या खाली सात-आठ मीटरपेक्षा जास्त गेले, की ती ओढत नाही. फूट व्हॉल्व्ह गळका असला किंवा सक्शन पाइपाचा जोड सैल राहिला, तर मोटर हवा घेते आणि नुसती घरघरत बसते. कारण मोटर फक्त पाइपातली हवा कमी करते. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. हीच हवा लाकडाची फळीही घट्ट धरू शकते. ते कसे, हे आज पाहू.

मिरजेला लाकडाची कला नवी नाही. हत्यारांना धार लावणारे इथले शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. त्यांच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी भोपळा पिकतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याच्या रानात. ते काम हाताचेच. तानपुऱ्याची फुगीर तबली सपाट टेबलावर बसायचीही नाही. पण देवघराची जाळी, दाराची नक्षी, ग्रामपंचायतीची पाटी अशी सपाट कामे सुताराची पोरे छोट्या सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर, करू शकतात.

अडचण येते फळी धरण्याची. कडेला क्लॅम्प लावले तर मधला भाग फुगतो आणि नक्षी कुठे खोल, कुठे उथळ होते. कटर क्लॅम्पवर आदळला तर तो मोडलाच म्हणून समजा.

हिशेब सोपा

हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. टेबलाखालची दहावा हिस्सा हवा जरी काढली, तरी 30 बाय 30 सेंटिमीटरच्या फळीवर 90 किलोचा भार पडतो. जणू एक धट्टाकट्टा गडी फळीवर उभा! पण 10 बाय 10 चा तुकडा घेतला, तर भार फक्त 10 किलो. शिवाय कटर फळीला आडवा ढकलतो, आणि आडवी पकड या भाराच्या निम्म्याहूनही कमी असते. म्हणून लहान तुकड्यांना हे टेबल उपयोगाचे नाही. तिथे स्क्रू किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेपच बरी.

बांधणी अशी करा

खाली 18 मिलिमीटरची चांगली प्लाय किंवा एमडीएफ घ्या. तिच्यात राउटरनेच 6 ते 8 मिलिमीटर खोल खाचांची जाळी पाडा आणि मधले चौकोन आधाराला ठेवा. खाचांना आणि कडांना सीलरचे दोन हात द्या. खालून भोक पाडून पीव्हीसी पाइप जोडा. वर 12 मिलिमीटरची साधी एमडीएफ ठेवा. ती सच्छिद्र असते, तिच्यातून हवा जाते. मात्र तिच्या दोन्ही तोंडांवरचा कडक पापुद्रा आधी अर्धा मिलिमीटर छिलून काढा, नाहीतर हवा अडते. तिच्या कडाही रंगवून बंद करा.

टेबलाचे चार भाग करून प्रत्येकाला वेगळा बॉल व्हॉल्व्ह द्या. ठिबकाला आपण जसे एकेका प्लॉटचे पाणी सोडतो, तसेच हे. जिथे फळी आहे तेवढाच भाग चालू ठेवा. उरलेली उघडी जागा जाड प्लॅस्टिकने झाका.

पंप कोणता?

एमडीएफमधून हवा सतत झिरपते, म्हणून भरपूर हवा ओढणारी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर चालते. पण ओढलेल्या हवेवरच थंड होणारी मोटर घेऊ नका. फळीने तोंड बंद झाले की ती तापून जळते. थंडाव्याची हवा वेगळी घेणारी मोटर मागा. दूध काढण्याच्या यंत्राचा पंप जोर जास्त लावतो, पण हवा कमी ओढतो. तो वापरायचा तर वरची एमडीएफ काढा, खाचेत रबरी दोरी बसवा आणि फळी थेट त्या दोरीवर टेकवा. पंप कोणताही असो, त्याच्या आधी भुशाची जाळी हवीच.

इथे सांभाळा

फळी आरपार कापली की त्या फटीतून हवा शिरते आणि पकड सुटते. म्हणून शेवटचा अर्धा मिलिमीटर तसाच सोडा आणि नंतर हाताने कापा. दुसरा धोका विजेचा. पंपाची वीज गेली आणि कटर चालूच राहिला, तर फळी उडून अंगावर येते. व्हॅक्यूम नसेल तर राउटरही बंद पडेल असा स्विच जाणत्या वायरमनकडून बसवून घ्या. काटकसर करायची तर दुसरीकडे करा, इथे नको. एमडीएफचा भुसा फुप्फुसाला वाईट. मास्क आणि चष्म्याशिवाय यंत्र सुरू करू नका. पावसाळ्यात एमडीएफ फुगते, तेव्हा पाऊस संपल्यावर टेबलाचा वरचा थर पुन्हा एकदा छिलून सपाट करा.

पंचायतीचे काम

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक सांगणे. केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली. तिच्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी 15 हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज, अशी तिची रचना. गावातल्या अर्जदाराची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते. तिथे कागद पडून राहिला, तर सुताराचा पोरगा शहरात दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीला जातो. तो गावातच राहिला, तर तुमची दारे-खिडक्या आणि औताची दुरुस्तीही गावातच होईल.

तेव्हा कागद वेळेवर हलवा. आणि सुतार मंडळींनो, टेबल आधी दोन फुटांचे करून बघा. गळती कुठे आहे ते सापडले, की पुढचे मोठे टेबल आपोआप जमते.