चामड्याची लाल भुकटी

कोलकात्यातील पार्क स्ट्रीटवरची एशियाटिक सोसायटी १७८४ची. असल्या जुन्या ग्रंथसंग्रहांत एकोणिसाव्या शतकातले चामडी बांधणीचे पुस्तक हाती घेतले, की कधी बोटांना विटकरी भुकटी लागते. हा 'रेड रॉट'. हवेतला सल्फर डायऑक्साइड चामड्यात शिरतो, त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते आणि चामड्याचे तंतू तुटू लागतात. कोळशाच्या धुरात वाढलेल्या कोलकात्यात त्याला तोटा नव्हता. १९०५ साली बंगालमध्ये धुराविरुद्ध कायदाच करावा लागला.

त्याच वर्षी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने पुस्तकबांधणीच्या चामड्यावर अहवाल काढला. हिंदुस्थानात कमावलेली चामडी त्यात फार वाईट ठरली. कारण कमावण्याच्या सालीत होते. आपल्या माळरानावरचा तरवड त्यासाठी सर्रास वापरत. त्यातले टॅनिन आम्लवायू अधिक ओढून घेते. हिरड्याचे टॅनिन त्यामानाने टिकाऊ. एका झुडपाच्या सालीने ग्रंथाचे आयुष्य ठरावे, हे मला विलक्षण वाटते.

झिजलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. अल्कोहोलमध्ये विरघळवलेले हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज लावून भुकटी थोपवतात. सुटलेले सांधे जपानी कागदाने जोडतात. पाणी मात्र लावू नये, चामडे काळे पडून कडक होते. तेल चोळण्याचा जुना सल्लाही आता तज्ज्ञ देत नाहीत. घरी असे पुस्तक असेल तर आम्लरहित कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा, आणि पावसाळ्यात बुरशीकडे लक्ष असू द्या.