कोकणातील घरगुती दप्तर : कागद, ऋतू आणि ओळख

मराठ्यांच्या इतिहासाची साधने घराघरांतून गोळा करून प्रसिद्ध करणाऱ्या पिढीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन नावे ठळकपणे पुढे येतात. वासुदेवशास्त्री खरे यांचा जन्म १८५८ साली गुहागर येथे झाला, तर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचा १८६५ साली गोविल येथे. खरेशास्त्र्यांनी मिरजेस राहून पटवर्धन घराण्याच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. आणि हे पटवर्धन घराणेही मूळचे रत्नागिरीजवळील कोतवड्याचे. म्हणजे दप्तर ज्यांचे ते कोकणचे आणि ते उजेडात आणणारे शास्त्रीही कोकणचे. मात्र कागद टिकले ते घाटावर, मिरजेच्या कोरड्या हवेत. मिरजेच्या मानाने रत्नागिरीस कित्येक पटींनी अधिक पाऊस पडतो. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पर्जन्य आणि त्यातील बहुतेक सगळा चार महिन्यांत, अशा प्रदेशात कागद सांभाळावयाचा तर घाटावरची रीत जशीच्या तशी उपयोगी पडणार नाही. कोकणातील घरी असलेले जुने कागद व छायाचित्रे घरीच कशी राखावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. घरगुती दप्तरात काय असते?

‘आमच्याकडे ऐतिहासिक असे काही नाही,’ हे उत्तर क्षेत्रकार्यास निघालेल्या विद्यार्थ्यास हमखास ऐकावे लागते. ऐतिहासिक म्हणजे सनद, इनामपत्र किंवा एखाद्या सरदाराचे पत्र, अशी समजूत त्यामागे असते. वास्तविक जिल्ह्याच्या समाजजीवनाचा इतिहास ज्यांतून लिहावयाचा ती साधने निराळीच आहेत. खोताच्या घरी कुळांच्या कबुलायती, अर्धेल-तिर्धेलीचे हिशेब, रोजकीर्दी व वाटणीपत्रे असतात. कुळाच्या घरी बहुधा चार-दोन पावत्याच असतात. परंतु त्या खोताच्या वहीची दुसरी बाजू सांगतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले ते १९३७ साली, आणि खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या अधिनियमाने. या मधल्या काळात एखाद्या गावात प्रत्यक्ष काय घडत होते, हे सरकारी दप्तरातून एका अंगानेच कळते. दुसरे अंग कुळाच्या पत्र्याच्या डब्यात असते, आणि तो डबा कोणत्याही अभिलेखागाराच्या यादीत नसतो.

याखेरीज गिरणगावातून आलेली चाकरमान्याची पत्रे, मनीऑर्डरीच्या पावत्या, जन्मपत्रिका, लग्नाच्या याद्या, शाळेचे दाखले आणि भिंतीवरील तसबिरी, हे सर्व घरगुती दप्तरच होय.

२. कागद व शाई

सर्वांत जुना कागद सर्वांत आधी नष्ट होईल, ही समजूत बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आपल्याकडे मुख्यतः हातकागद वापरला जाई. तो चिंध्यांच्या वा तागाच्या लगद्यापासून बनवीत, त्यास खळ देऊन घोटीत. त्यातील तंतू लांब व चिवट असतात. पुढे लाकडाच्या लगद्याचा गिरणीचा कागद आला. त्यात लिग्निन हे द्रव्य राहते, शिवाय तुरटी व राळ यांची प्रक्रिया केल्याने कागदातच आम्ल निर्माण होते. असा कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. म्हणूनच पेशवाईतील एखादे मोडी पत्र आज सहज उलगडता येते, तर १९४० च्या सुमाराचे वर्तमानपत्राचे कात्रण हाती घेताच मोडते. यावरून पहिला नियम निघतो तो असा, की वर्तमानपत्राची कात्रणे व स्वस्त गिरणी कागद जुन्या हातकागदास चिकटून ठेवू नयेत. आम्ल एका कागदातून शेजारच्या कागदात उतरते.

शाईचेही असेच आहे. काजळी व डिंक यांची शाई उजेडाने फिकी पडत नाही. परंतु डिंक पाण्यात विरघळत असल्याने ओल लागताच ती पसरते. हिराकस घालून केलेली शाई पाण्यास अधिक दाद देत नाही, मात्र कालांतराने ती कागदच खाते आणि अक्षरांच्या जागी छिद्रे पडतात. ज्या कागदावर अशी तपकिरी अक्षरे दिसतील तो वारंवार दुमडू वा उलगडू नये.

३. हवा, कीड आणि वर्षाचे वेळापत्रक

हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरण्याचा संभव असतो. कोकणात पावसाळ्याचे चारही महिने ती याहून बरीच वर असते. जांभ्याच्या भिंती ओल शोषतात. म्हणून भिंतीतील फडताळ किंवा भिंतीस टेकलेली पेटी ही कागदासाठी सर्वांत वाईट जागा. कसर खळीवर जगते, वाळवी जमिनीतून व भिंतीतून चढते. पेटी जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून सुटी आणि आतल्या खोलीत ठेवावी. माळ्यावर कौलांची गळती आणि उन्हाळ्यातील उष्णता, दोन्हींचे भय असते.

पूर्वजांनी कागद सुती रुमालात बांधून ठेवले, ते शहाणपणाचे होते. कापडातून हवा खेळते, धूळ अडते आणि कागद दबून सपाट राहतात. वेखंडाच्या पुरचुंडीचा कीड दूर ठेवण्यास थोडाफार उपयोग होतो. परंतु ती कागदास लागू देऊ नये. डांबराच्या गोळ्या माणसांस व छायाचित्रांस अपायकारक असल्याने त्या टाळाव्यात. कसर लागलेले बाड दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बंद करून शीतकपाटाच्या गोठणखान्यात दोन आठवडे ठेवले असता किडे मरतात. मात्र बाहेर काढल्यावर एक दिवस लोटेपर्यंत पिशवी उघडू नये.

आता मुख्य मुद्दा. कोकणातील पुष्कळशी घरे वर्षाचा बराच काळ बंद असतात आणि गणपतीत उघडतात. चाकरमानी येतात, पेटी निघते, कागद पाहून कोणी हळहळतो आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पुन्हा ठेवून देतो. भाद्रपदातील हवा ओलसर असते, कागद त्या ओलीने भरलेला असतो, आणि पिशवी ती ओल आत कोंडून ठेवते. पुढच्या वर्षी पिशवीत बुरशी आढळते. दोष पिशवीचा नव्हे, ऋतूचा आहे. कागद बांधावयाचे ते मार्गशीर्षापासून शिमग्यापर्यंतच्या कोरड्या दिवसांत. प्रथम ते सावलीत, वाऱ्यावर, पातळ थरांनी दोन-तीन दिवस पसरावेत. प्रत्यक्ष ऊन देऊ नये, कारण त्याने शाई व कागद दोन्ही विटतात. मग रुमालात बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि सोबत वाळवलेल्या सिलिका जेलची पुडी घालावी. असा डबा पावसाळ्यात उघडूच नये.

तर मग भाद्रपदात काहीच करू नये काय? करावे, त्याविषयी पुढे येईल.

४. छायाचित्रे

विसाव्या शतकातील बहुतेक कृष्णधवल छायाचित्रांत प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते. जिलेटिन ओलीने फुगते व चिकट बनते. म्हणूनच काचेस टेकून बसवलेली तसबीर काही पावसाळ्यांनंतर काचेस चिकटते. ती ओढून काढू नये. प्रतिमा काचेवरच राहील. काचेसह तिचे प्रतिचित्र घ्यावे आणि मूळ तज्ज्ञाच्या हाती द्यावे. नवीन चौकट करताना काच व छायाचित्र यांच्यामध्ये जाड कागदाची खिडकी ठेवावी, आणि बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीवर ती टांगावी. हार व कुंकू काचेपुरतेच असावे.

१९७० नंतरची रंगीत छायाचित्रे त्याहून नाजूक. त्यांतील रंगद्रव्ये अंधारातही मंदगतीने विटतात. चिकट पानांच्या अल्बमांनी त्यांची विशेष हानी केली आहे. ज्या पानांवरून छायाचित्र सहज सुटते तेथून ते काढून साध्या कागदी पाकिटात ठेवावे. जेथे सुटत नाही तेथे बळ करू नये.

५. जे करू नये

घरगुती दप्तराचा नाश जितका दुर्लक्षाने होतो, तितकाच उत्साहाने होतो. फाटलेल्या सनदेस चिकटपट्टी लावली जाते; काही वर्षांत तिचा गोंद कागदात मुरून कायमचा डाग पडतो. महत्त्वाचा दस्तऐवज उष्णतेने प्लास्टिकमध्ये बसवून घेतला जातो. तो पुन्हा बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते, आणि आतील आम्लाचे कार्य चालूच राहते. जो उपाय उलटवता येत नाही तो करू नये, हे जतनशास्त्राचे मूलसूत्र घरीही पाळावे. फाटका कागद फाटकाच, परंतु सपाट, स्वच्छ पाकिटात राहिला तर पुढील पिढीतील जाणकारास काम करण्यास वाव राहतो.

पुराचा प्रसंग वेगळा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात आलेल्या पुराने असंख्य घरांबरोबर १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या संग्रहाचीही मोठी हानी केली. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीतील फ्लॉरेन्स शहर पुराखाली गेले, तेव्हाच्या अनुभवातून ओल्या ग्रंथांच्या जतनाचे आधुनिक ज्ञान बरेचसे घडले. त्याचे सार असे : बुरशी दोन दिवसांत धरते, तेवढ्या अवधीत जे वाळवता येईल ते सावलीत पंख्याखाली वाळवावे, उरलेले गोठवून ठेवावे. ओला गठ्ठा जबरीने सोडवू नये. एकमेकांस चिकटलेली ओली छायाचित्रे तशीच वाळू देऊ नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलकेच सुटी करावीत.

६. क्रम आणि ओळख

कागद वाचला आणि तो कोणाचा हे हरपले, तर जतन अर्धेच झाले. रुमालातील कागद ज्या क्रमाने सापडतात तो क्रमही पुरावाच असतो. एका वाटणीपत्राबरोबर बांधलेली चार पत्रे बहुधा त्याच तंट्याची असतात. ती तारीखवार लावण्याच्या भरात हा संबंध तुटतो. म्हणून प्रथम रुमालास क्रमांक, नंतर आतील कागदास क्रमांक आणि त्यांची साधी यादी, एवढे झाल्यावरच पुढील वर्गीकरण करावे.

भाद्रपदाचे काम ते हेच. त्या दिवसांत घरची वडीलधारी मंडळी एकत्र असतात. तसबिरीतील डावीकडील बाई कोण, माहेरची कोठली, पत्रातील ‘दादा’ म्हणजे नेमके कोण, हे सांगणारी माणसे वर्षातून तेव्हाच एका ओटीवर बसलेली सापडतात. मोडी वाचू शकणाऱ्यांची पिढी तर जवळजवळ सरलीच आहे. छायाचित्रामागे कडेस मऊ शिसपेन्सिलीने नावे लिहावीत. गुळगुळीत पाठीच्या रंगीत प्रतीवर पेन्सिल उमटत नाही, तेथे पाकिटावर लिहावे. सांगणाऱ्याचे नाव व दिनांकही नोंदवावा. थोडक्यात, गणपतीत विचारावे आणि शिमग्यात बांधावे.

प्रतिचित्रे घेऊन ती दोन-तीन निरनिराळ्या ठिकाणी ठेवणे आज सुलभ झाले आहे, आणि ते अवश्य करावे. परंतु प्रत हाती आली म्हणून मूळ टाकून देणे घातक होय. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला तो भाषेत फेरफार व काटछाट करून. मूळ हस्तलिखित राखले गेले होते, म्हणूनच १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना मुळाबरहुकूम पाठ प्रसिद्ध करता आला. मूळ नसते तर वैद्यांची प्रत हाच आपला पुरावा ठरला असता.

ज्या घरी मागे कोणी राहणार नाही, तेथील दप्तर योग्य संस्थेकडे सोपवणे इष्ट. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले ते अशाच घरगुती कागदांच्या आस्थेतून. परंतु प्रत्येक कुळाच्या डब्याला संस्थेत जागा मिळणार नाही, हेही उघड आहे. पुष्कळसे दप्तर घरीच जगेल किंवा घरीच मरेल. तेव्हा आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यास जाताना कागद मागून आणण्यापेक्षा ते राखण्याची रीत यजमानांस सांगून यावे आणि एक यादी करून तिची प्रत त्यांच्याकडे ठेवावी. संशोधकाने त्या घरासाठी एवढे करणे हे त्याचे कर्तव्यच होय.