चौकमध्ये ‘मुक्तधारा’ वाचताना

मोरबे धरण भरत आल्याच्या बातम्यांचे हे दिवस. याच दिवसांत, 7 ऑगस्टला, रवींद्रनाथांचा स्मृतिदिन येतो. धावरी नदीवरचं हे धरण 88 मीटरला भरतं आणि पाणी नवी मुंबईला जातं, हे चौकच्या वाचकाला सांगायला नको. त्याच्यापुढे ठेवायचं आहे ते रवींद्रनाथांचं 1922 चं नाटक, ‘मुक्तधारा’.

उत्तरकूटचा यंत्रराज विभूती झऱ्यावर लोखंडी यंत्राचा बांध घालतो. शिवतराईच्या रयतेचं पाणी तोडून तिला वठणीवर आणायचं, हा राजाचा बेत. नगरात जयजयकार चाललेला असताना अंबा नावाची बाई भेटेल त्याला आपल्या सुमनचा पत्ता विचारत फिरते. बांधाच्या कामावर नेलेला तिचा मुलगा परतलेलाच नाही. राजपुत्र अभिजित शेवटी बांध फोडून प्रवाहाबरोबर वाहून जातो, पण नाटकाचा प्राण मला अंबेतच दिसतो. यंत्र बांधणाऱ्यांच्या हिशेबात तिला जागाच नाही.

त्याच काळात मुळशीत सेनापती बापट टाटांच्या धरणाविरुद्ध लढत होते. मुळशीच्या पाण्यावर 1927 मध्ये भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. आपल्या खोपोलीत ती 1915 मध्येच सुरू झाली होती, भिवपुरीत 1922 मध्ये. मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालल्या. घाटावर बुडालेल्या गावांची किंमत मात्र विजेच्या बिलात कधी धरली गेली नाही.

एवढ्यावरून रवींद्रनाथांना यंत्रद्वेष्टे म्हणणं हा अन्याय आहे. मुलाला त्यांनी शेतीशास्त्र शिकायला अमेरिकेला पाठवलं. चरख्यावरून गांधीजींशी जाहीर वाद घातला. 1937 मध्ये ‘विश्वपरिचय’ हे विज्ञानाचं पुस्तक लिहून सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केलं. 1934 चा बिहारचा भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा, असं गांधीजी म्हणाले, तेव्हा स्वतः अस्पृश्यतेच्या विरोधात असूनही रवींद्रनाथांनी ठणकावलं की निसर्गातल्या आपत्तीची कारणं निसर्गातच शोधली पाहिजेत.

19 जुलै 2023 च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, तेव्हा मला हाच वाद आठवला. नशिबाला बोल लावून मोकळं होणं रवींद्रनाथांना मान्य झालं नसतं. उतार, माती, पाऊस तपासणारं विज्ञान ठाकरवाड्यांपर्यंत आधीच पोचायला हवं होतं. मोरब्याची पातळी आपण रोज मोजतो. त्याच परिसरातल्या डोंगरउतारांवरही तशीच रोजची मोजणी बसवा, ही मागणी चौकने याच पावसाळ्यात करावी.