काळपट गारगोटी सापडली म्हणजे खाली युरेनियम आहे का? जाणून घ्या खरं काय ते

विहीर खोदताना नाहीतर नांगरटीत गारगोटी निघणं आपल्याकडे नवीन नाही. पण एखादी धुरकट, काळपट निघाली आणि कोणी म्हणालं, "हा किरणोत्सर्गी दगड आहे, लाखोंना जाईल," तर? यात थोडं विज्ञान खरं आहे. बाकीची निव्वळ थाप.

गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. सिलिकॉन आणि ऑक्सिजन, बस. ती स्वतः किरणं सोडत नाही. मात्र शेजारच्या खडकात युरेनियम असेल, तर त्याची किरणं कोट्यवधी वर्षं तिच्यात शिरत राहतात आणि खुणा ठेवून जातात. उन्हात कापडाचा रंग उडतो, पण म्हणून कापड काही ऊन देत नाही, तसंच हे.

खुणा मुख्यतः दोन प्रकारच्या. गॅमा किरणं खडकातून हातभर लांबवर पोचतात. गारगोटीत अॅल्युमिनियमचा अंश असेल तर तिथला इलेक्ट्रॉन त्या किरणांमुळे जागा सोडतो आणि दगड धुरकट दिसू लागतो. हा रंग साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअस तापवलं की निघूनही जातो. (घरी चुलीत टाकून बघू नका, गारगोटी तडकून उडते.)

अल्फा कणांचं वेगळं. ते जड, पण धाव अगदी थोडी. गारगोटीत जेमतेम मिलिमीटरचा पंचविसावा भाग, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण तेवढ्यात ते अणू जागचे हलवतात, आणि ही इजा सहजासहजी भरून येत नाही. डोळ्यांना काही दिसत नाही. प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनचा झोत टाकला की कणाची कड वेगळ्या रंगात चमकते.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या अथाबास्का खोऱ्यात याचा मोठा उपयोग झाला. तिथल्या सिगार लेक खाणीच्या खनिजात युरेनियम १० टक्क्यांच्याही वर आहे; आपल्या झारखंडमधल्या जादूगोडाला ते ०.१ टक्क्याहूनही कमी. पण अथाबास्काचे साठे खोल, वाळूच्या खडकाखाली दडलेले, आणि तो खडक जवळजवळ सगळा गारगोटीच्या कणांचाच. युरेनियम पाण्यात विरघळून दुसरीकडे वाहून जातं. मग माग काढायचा कसा? बोअरमधून काढलेल्या खडकात एखाद्या भेगेलगतच्या कणांची कड इजा झालेली दिसली, तर तिथून कधीकाळी युरेनियमचं पाणी गेलं होतं असं समजतं. आज तिथे युरेनियमचा कण नसला तरी. अशा खुणा जोडत भूवैज्ञानिक साठ्याकडे सरकतात.

आता आपल्या रानातली गारगोटी. नुसता काळपट रंग पुरावा होत नाही. साध्या ग्रॅनाइटमध्येही युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचा किंचित अंश असतो, आणि लाखो वर्षांत तेवढ्यानेही गारगोटी धुरकट होते. कधी वरचा काळा थर हा मँगनीजचा किंवा लोखंडाचा डाग असतो. बाजारातले कितीतरी धुरकट खडे तर कारखान्यात किरणं देऊनच केलेले असतात. आणि आपल्याकडचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्टचा, त्यात युरेनियम फारच कमी. जालना भागातल्या जांभळ्या गारगोट्यांचा रंगसुद्धा थोडं लोखंड आणि खडकातली नैसर्गिक किरणं यांतूनच आलेला आहे. त्या हातात घ्यायला, घरात ठेवायला काही धोका नाही.

राहिला विक्रीचा प्रश्न. कायद्यानुसार युरेनियम परवान्याशिवाय काढता येत नाही, विकताही येत नाही. देशात त्याचा शोध घेण्याचं काम अणुऊर्जा विभागाचं अणुखनिज संचालनालय करतं, मुख्यालय हैदराबादला. त्यामुळे "गिऱ्हाईक तयार आहे, आधी दगडाच्या टेस्टिंगचे पैसे भरा" असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका, पोलिस ठाणं गाठा. 'राईस पुलर' भांड्याच्या नावाने लोकांना असंच लुबाडलं गेलंय. ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा.