परसातली औषधी झाडे



न्हाणीचे पाणी घरामागे वाहते. तेथे चिखल होतो, डास होतात. त्याच जागेत चार झाडे लावली तर? पाणी कामी येईल, घाण जाईल आणि घरात सर्दी-खोकल्याला लागणारा पाला दाराशी मिळेल. हे काम कसे करावे ते या पाठात सांगतो. पाला कोठे उपयोगी पडतो ते सांगतो. कोठे उपयोगी पडत नाही, तेही सांगतो. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे.

आमचे पोखर्णी परभणी-गंगाखेड वाटेवरचे गाव. नृसिंहाच्या देवळामुळे ते दूरवर माहीत आहे. जमीन काळी, कापूस-सोयाबीनची. उन्हाळा कडक. अशा गावातही घरापुरती औषधी झाडे सहज जगतात. मात्र झाडाची माहिती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असते. म्हातारी गेली की माहितीही जाते. म्हणून ती लिहून ठेवली पाहिजे. लिहून ठेवण्याने काय होते, याची एक खरी हकीकत ऐका.

हळदीचा दावा

जखमेवर हळद दाबावी हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. पण १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाच्या नावाने याच गोष्टीचे पेटंट दिले गेले. पेटंट म्हणजे एखाद्या नव्या शोधावरचा सरकारी हक्क. ज्याच्याकडे पेटंट, त्याच्या परवानगीशिवाय इतरांनी त्या देशात तो शोध वापरून धंदा करायचा नाही.

आता सांगा, हळद हा नवा शोध कसा? भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्याला हरकत घेतली. तेव्हा परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते. ते गोव्यातल्या माशेल गावचे. परंतु "आमच्या आजीला हे माहीत होते" एवढे म्हणून भागत नव्हते. कागद हवा होता. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख शोधून पुढे ठेवले. अमेरिकेच्या कचेरीने ते मानले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द केले.

हळद आपल्या जवळचे पीक. हळदीच्या बाजाराचे वसमत पूर्वी परभणी जिल्ह्यातच होते. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते तिकडे गेले. घरोघर माहीत असलेली गोष्ट कागदावर होती, म्हणून ती वाचली. आपणही आता लिहायला शिकलो आहोत. त्याचा उपयोग परसातही करू.

जागा, माती, पाणी

चार हात लांब, दोन हात रुंद एवढी जागा पुष्कळ झाली. जागा नसेल तर फुटका माठ किंवा तेलाचा पत्र्याचा डबा घ्यावा. बुडाला भोके पाडावी. फवारणीच्या औषधाचा डबा मात्र कधीही घेऊ नये. तो कितीही धुतला तरी विष उरते.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मग मुळे कुजतात. म्हणून दोन टोपली मातीत एक टोपले वाळू आणि एक टोपले मुरलेले शेणखत मिसळावे. ओले शेण घालू नये. त्याने हुमणी आणि वाळवी येते.

न्हाणीचे पाणी अडुळशाला आणि शेवग्याला चालते. पुदिन्यासारखा जो पाला आपण कच्चा खातो, त्याला साबणाचे पाणी घालू नये. उन्हाळ्यात पाणी संध्याकाळी घालावे आणि बुंध्याशी पालापाचोळा पसरावा. थोडक्या पाण्यात भागते. शेळ्या-कोंबड्यांसाठी काट्यांचे कुंपण करावे.

लावणीला मृगाचा पाऊस उत्तम.

कोणती झाडे लावावी?

तुळस. पिकलेल्या मंजिरीचे बी हातावर चोळून मातीवर टाकावे. वरून बोटभर नव्हे, चिमूटभर माती. मंजिऱ्या खुडत गेल्या की पाने भरपूर येतात.

अडुळसा. वीतभर लांब, बोटाएवढी जाड काडी घ्यावी. दोन डोळे मातीत, एक डोळा वर. शेळ्या याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणालाही चांगला. याच्या पानात कफ पातळ करण्याचा गुण आहे. खोकल्यावरचे ब्रोमहेक्झिन नावाचे औषध दवाखान्यात देतात. ते अडुळशाच्या पानातल्या द्रव्यावरूनच शास्त्रज्ञांनी तयार केले. मात्र गरोदर बाईने अडुळसा मुळीच घेऊ नये. त्याने गर्भाशय आवळते आणि गर्भाला धोका होतो.

गवती चहा. शेजाऱ्याकडून मुळासकट एक ठोंब आणून लावावा. वर्षाने त्याचे दहा होतात. पाते कापताना जपावे, कड धारदार असते.

आले आणि हळद. डोळा फुटलेला तुकडा अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत लावावा. दोघांना थोडी सावली मानवते. आठ-नऊ महिन्यांनी पाने वाळली की काढावे. पुढच्या लावणीसाठी चार गड्डे राखून ठेवावे.

कोरफड. हिला पाणी कमी लागते. जास्त पाण्याने सडते. भाजले तर आधी तो भाग वीस मिनिटे गार, वाहत्या पाण्याखाली धरावा. शाई, तूप, दंतमंजन काही लावू नये. कातडी फक्त लाल झाली असेल तर नंतर कोरफडीचा पांढरा गर लावावा, बरे वाटते. फोड मोठे आले, किंवा तोंड, हात वा बरेच अंग भाजले, तर गर लावत बसू नये, दवाखाना गाठावा. सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला तर जोराचे जुलाब होतात. तो निथळून टाकावा.

शेवगा. याची हातभर फांदी लावली की जगते. शेंगा तर आपण खातोच, पण पाला फुकट घालवतो. पाल्यात लोह आहे, चुना आहे, डोळ्यांना लागणारे जीवनसत्त्व आहे. मूठभर पाला वरणात किंवा भाकरीच्या पिठात घालावा. बाळंतिणीने, वाढत्या पोरांनी जरूर खावा. औषध घेण्याची वेळ येऊ नये म्हणून नीट खाणे, हेही औषधच.

काढा कसा करावा?

तुळशीची आठ-दहा पाने, गवती चहाची दोन पाती आणि आल्याचा लहान तुकडा घ्यावा. पाने धुवावी. दोन कप पाण्यात उकळून एक कप उरवावे. गाळावे. थोडा गूळ घालून कोमट प्यावे. दिवसातून दोन वेळा पुरे. तांब्याभर प्याल्याने दुप्पट गुण येत नाही.

येथे एक खरे सांगितले पाहिजे. साधी सर्दी आठवड्यात आपोआप बरी होते. काढ्याने घसा शेकतो, पाणी पोटात जाते, जिवाला आराम वाटतो. एवढेच त्याचे काम, आणि तेही थोडके नाही. तान्ह्या पोराला काढा देऊ नये. त्याला आईचे दूध द्यावे. एक वर्षाच्या आतल्या पोराला मध चाटवू नये.

पाला वाळवायचा तर सावलीत वाळवावा. करकरीत वाळला की कोरड्या डब्यात भरावा. बुरशी दिसली तर सगळा फेकून द्यावा. आणि डब्यावर चिठ्ठी लावावी: नाव काय, कोणत्या दिवशी भरला. झाडाशीही पत्र्याचा तुकडा रोवून त्यावर नाव लिहावे. घरातल्या पोरांकडून वाचून घ्यावे. असे केले की वाचनही पक्के होते आणि चुकीचा डबा हाती येत नाही.

ओळख पटल्याशिवाय पान तोडू नये

शिवारात औषधी झाडांजवळच विषारी झाडे उभी असतात. धोतरा, कण्हेर, गुंज, एरंडाच्या बिया ही सगळी विषे आहेत. मोगली एरंडाच्या बिया पोरं बदाम समजून खातात. मग उलट्या-जुलाबाने बेजार होतात. ही झाडे पोरांना आधी ओळखू द्यावी. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये.

गुळवेलीचे उदाहरण पाहा. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा पुष्कळ लोक रोज गुळवेल घेऊ लागले. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत सहा जणांच्या यकृताला सूज आली. ते सारे गुळवेल घेत होते, असे तेथल्या डॉक्टरांनी २०२१ साली छापून सांगितले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे वेगळे पडले. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असावी, असे ते म्हणाले. जाणत्यांचा वाद जाणते मिटवतील. आपल्याला दोन्हीकडून धडा एकच: ओळख पक्की नसेल तर घेऊ नये, आणि झाडपाला झाला तरी महिनोन्‌महिने आपल्या मनाने घेत राहू नये.

आणखी एक. फवारणी झालेल्या रानातला, बांधावरचा पाला आणू नये. परसातले झाड बरे, ते याचसाठी.

पाला कोठे थांबतो?

आम्ही शाळेत असताना पोरांना सांगत असू की झाडपाल्याचे काम दोन दिवसांचे. दोन दिवसांत उतार पडला नाही तर तिसऱ्या दिवशी दवाखाना. पण काही दुखण्यांत दोन दिवससुद्धा थांबायचे नसते. ती नीट लक्षात ठेवा.

पोराला जुलाब झाले तर त्याच्या अंगातले पाणी जाते, आणि पोर त्यानेच दगावते. एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्यावे. त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचे चहाचे. हे पाणी थोडे थोडे पाजत राहावे. आशाताईकडे पुड्या आणि जस्ताच्या गोळ्या मिळतात, त्या आणाव्या. डोळे खोल गेले, पोर सुस्त पडले, पाणी पीत नाही, रक्त पडते, तर लगेच न्यावे.

पोराला खोकला आहे आणि श्वास जोरात चालतो, तर घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिने ते एक वर्षाच्या पोराचे पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या पोराचे चाळीस किंवा जास्त भरले तर तो न्यूमोनिया असू शकतो. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल, किंवा बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, तर मोजत बसू नये. काढा बाजूला ठेवून पोर उचलावे. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवडे राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषध फुकट आहे.

साप चावला तर पाला, मंत्र, चिरा देणे, दोरी करकचून बांधणे यातले काहीही करू नये. तो हात किंवा पाय हलू देऊ नये. माणसाला धीर द्यावा आणि रुग्णालयात न्यावे. १०८ नंबरला फोन केला की सरकारी गाडी येते. सापाच्या विषावर प्रतिविषाची सुई हाच उपाय.

विंचवाचेही तसेच. डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. कोकणात महाडकडे लाल विंचू चावून पोरे दगावत होती. डॉक्टरांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणे टिपून ठेवली. प्राझोसिन नावाच्या गोळीने जीव वाचतो हे त्यांनी दाखवून दिले. १९८६ साली ते लॅन्सेट या विलायती साप्ताहिकात छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर एक क्षणही घालवू नये. येथेही पाहा, टिपून ठेवले म्हणून जगाला उपाय कळला.

शेवटी, साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पाल्याच्या भरवशावर ती बंद करू नये. काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगावे. लपवू नये. पाला आणि दवाखाना एकमेकांचे वैरी नाहीत. पाला दाराशी आहे, दवाखाना थोडा दूर आहे, एवढेच. कोणते दुखणे कोणाचे, हे ज्याला कळले त्याच्या घरात दोघांचाही उपयोग झाला.

तर मृगाच्या आधी जागा तयार करा. पहिल्या वर्षी तुळस, अडुळसा, गवती चहा एवढी तीनच झाडे लावा. घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. त्यांना कोणता पाला माहीत आहे, ते विचारून वहीत लिहा. आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: १०८.

सांगा पाहू

१. काळ्या मातीत वाळू का मिसळावी?
२. अडुळसा कोणी घेऊ नये?
३. मीठ-साखरेच्या पाण्यात मीठ किती, साखर किती?
४. हळदीचे पेटंट कशामुळे रद्द झाले?
५. कोणकोणत्या दुखण्यांत दोन दिवस थांबू नये? वहीत लिहा.